शुक्रवारपर्यंत

ऋतुजानं आईची हनुवटी वर उचलली आणि तिच्या कपाळावर टिकली लावली. इंजेक्शन घेताना माणूस मिटून घेतो तसे महानंदानं डोळे घट्ट मिटले होते. मग ऋतुजानं तिच्या हातांत बांगड्या चढवल्या, दोन्हीकडे चार-चार. मंगळसूत्र मात्र महानंदानं आपल्या हातानं गळ्यात घातलं. ते काम दुसऱ्या कुणी करावं हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

"उरका गं माय लवकर," नणंद साखराबाई दारातून म्हणाल्या. त्यांना हे बघवत नव्हतं आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हतं. "धा दिस झाले माझ्या भावाला जाऊन. बाहेर बाया बसल्यात. कोणी बघितलं तर काय म्हणतील?"

"कोणी बघणार न्हाई, आत्या. तुम्ही दार तेवढं ओढून घ्या."

महानंदाचे पती आप्पासाहेब लातूरच्या दवाखान्यात वारले. छातीत कळ आली म्हणून अहमदपूरहून नेलं, तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. शुद्धीवर होते तोवर एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावत राहिले: शिवमचा पेपर होईपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही. शिवम जर्मनीत शिकत होता. दोनदा हुकलेला एक पेपर तो येत्या शुक्रवारी तिसऱ्यांदा देणार होता, आणि तिसऱ्यांदा हुकला की नाव कमी, असा तिथला कायदा. बाप गेला म्हटल्यावर पोरगं मिळेल त्या विमानानं निघेल, यात कुणालाच शंका नव्हती. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाचा शब्द घरानं झेलला. झेलला सगळ्यांनी, निभावणं मात्र एकट्या महानंदाच्या वाट्याला आलं. रोज संध्याकाळी सात वाजता लॅपटॉपपुढं तीच बसत होती.

लॅपटॉप शिवमचाच, जुना. जाताना आईसाठी ठेवून गेला होता. बॅटरी केव्हाच बसली होती, वायर लावली तरच चालायचा. पण पडदा मोठा, लेकराचं तोंड पोटभर दिसायचं. पंचाईत एवढीच की त्यातून शिवमलाही घर दिसायचं. म्हणून ऋतुजा तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडायची, मागं नुसती भांड्यांची मांडणी येईल अशा बेतानं. बाहेरच्या खोलीतला फोटो, त्याचा हार, त्यापुढचा दिवा, काहीच दिसता कामा नये.

आज सकाळी नदीवर दहावा झाला. पोटचा मुलगा असताना पुतण्यानं केस उतरवले, त्यानंच पिंड ठेवला. नावं ठेवणाऱ्यांनी नावं ठेवली. महानंदा गुमान ऐकत राहिली.

शिवम रोज विचारायचा, आप्पा कुठायत? शेताकडं गेलेत, देवळात बसलेत, झोपलेत. नऊच्या बातम्या ऐकल्याशिवाय जन्मात कधी न झोपलेला माणूस या दहा दिवसांत चार वेळा सातलाच झोपला होता. शिवमनं एकदाही उलटून विचारलं नव्हतं. पोरगं साधं आहे, असं महानंदाला वाटायचं, आणि त्या साधेपणाचा आपण फायदा घेतोय म्हणून जीव तुटायचा.

रिंग वाजली. ऋतुजानं हिरवं बटण दाबलं. पडद्यावर शिवम आला.

"अरे, हे काय?" ऋतुजा म्हणाली.

त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

"इथं कटिंगला लई पैसे घेतात," तो म्हणाला. "दोस्ताची मशीन होती. म्हटलं, फिरवून टाकावी सगळी."

"टकलू," ऋतुजा हसली. हसता हसता तिनं आईकडं पाहिलं आणि तिचं हसू तिथंच विरलं.

महानंदा त्या डोक्याकडं बघत राहिली. मशीननं खुंट राहतात. हे डोकं गुळगुळीत होतं, कानाच्या वर पातं लागल्याचा ताजा ओरखडा होता. असंच डोकं तिनं आज सकाळीच पाहिलं होतं, पुतण्याचं. याला कोणी सांगितलं? भावकीतल्या कुणीतरी श्रद्धांजलीचा फोटो स्टेटसला टाकला असेल. अख्ख्या तालुक्याचं तोंड कोण धरणार? आणि कधीपासून माहीत आहे याला? दिवस मोजत बसला होता पोरगा, म्हणजे आज-कालचं नव्हे. तिकडं एकट्यानं आरशापुढं उभं राहून वस्तरा फिरवला असेल. पाठीवर हात ठेवायला कोणी नव्हतं.

तिला ओरडून रडावंसं वाटत होतं. पण एक हुंदका फुटला असता तर तिकडचाही बांध फुटला असता, आणि शुक्रवार तीन दिवसांवर होता. तिनं ओट्याची कड घट्ट धरली.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"हाव. तू?"

"जेवले."

"अभ्यास झालाय माझा, आई. काढतो मी पेपर."

"हाव बाळा."

मग शिवमच म्हणाला, "आप्पा झोपले असतील ना? उठवू नको त्यांना."

"न्हाई उठवत," महानंदा म्हणाली. कसं म्हणाली ते तिचं तिला कळलं नाही.

तो तिच्या कपाळाकडं बघत होता. बराच वेळ बघत होता.

"आई, इथं नेट लई हळू चालून राहिलंय. उद्यापासून व्हिडिओ नको. नुसतं फोनवरच बोलू."

"नेट तर चांगलं—" ऋतुजा बोलायला गेली. महानंदानं तिचा हात दाबला, तशा बांगड्या वाजल्या.

"मग तू दिसणार न्हाईस मला," महानंदा म्हणाली.

"शुक्रवारपर्यंतच." त्यानं मान खाली घातली. "तुला रोज आवरून बसावं लागतं माझ्यासाठी. ते नको करू आता. असशील तशी बस."

"बरं," ती म्हणाली.

शुक्रवारपर्यंत आता एकमेकांना पाहता येणार नव्हतं. कॉल बंद करायला दोघांपैकी कुणाचाच हात पुढं झाला नाही.