फिल्टरच्या डब्यातलं घरटं

दुपारी सव्वातीनला गॅरेजवाल्याला अतिदक्षता विभागात हलवलं. आठवडाभर ताप हटत नव्हता, मानेला लिंबाएवढी गाठ आली होती आणि आता नुसतं बोलतानाही धाप लागत होती. दोन तऱ्हेची अँटिबायोटिकं देऊन झाली होती. उपयोग शून्य.

बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती. डॉक्टरीणबाई तिच्यापाशी आल्या. "हे अलीकडे शेतात, रानात कुठं गेले होते? ससे, रानउंदीर, असल्या कशाशी संबंध?"

तिला वाटलं, बाई चुकून दुसऱ्याच पेशंटचं विचारताहेत. "रानात? अहो, ते गॅरेज सोडून भाजीलासुद्धा जात नाहीत."

"रानउंदरांकडून माणसात येणारा एक जिवाणू आहे. त्यांच्या घरट्यातली धूळ नाकातोंडात गेली तरी पुरते. आत्ताची औषधं त्याला दाद देत नाहीत. दुसरं औषध आहे, पण ते मूत्रपिंडाला जड जातं आणि यांची मूत्रपिंडं आधीच कुरकुरताहेत. उगाच द्यायचं नाही मला. रक्ताच्या अहवालाला वेळ लागेल. उंदीर होता की नव्हता, एवढं शोधून सांगा."

एवढंच सांगायचं होतं आणि तेच तिला सांगता येईना. आत जाऊन नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "खार." मग म्हणाला, "प्लग." मग तिच्याकडे नीट बघून अदबीनं म्हणाला, "ताई, गाडी उद्या न्या."

तिनं दिराला फोन लावला. दोघा भावांचं गॅरेज एकच. त्याच्या आवाजामुळे सगळी गल्ली त्याला भोंगा म्हणायची.

"उंदीर? आपल्या गॅरेजात? वहिनी, हळू बोला, गिऱ्हाईक उभंय."

"मी हळूच बोलतेय भावोजी, ओरडताय तुम्ही. होता का नव्हता?"

"नव्हता."

तिनं तसं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि त्या आत गेल्या. अर्ध्या तासानं दीर स्वतःच येऊन उभा राहिला, हाताचं ग्रीसही न धुता.

"वहिनी, उंदीर नव्हता हे खरं. घरटं होतं."

"म्हणजे?"

"ती करडी गाडी. शेतावरच्या शेडमध्ये वर्षभर पडून होती. एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत गवत, चिंध्या, लेंड्या. मग नेहमीसारखी कॉम्प्रेसरची हवा मारली."

"कुणी?"

"मी."

तिला काही समजेना. "धूळ तुम्ही उडवली?"

"हो ना. दादा समोर वाकून टायर बघत होता. सगळी त्याच्या तोंडावर गेली. असल्या शिव्या घातल्यान् मला!"

"मग तुम्हाला काहीच कसं झालं नाही?"

"तेच तर कळेना. म्हणून तर म्हटलं, त्याचा काय संबंध? मला साधी शिंकसुद्धा नाही, वहिनी."

तो खरोखरच ठणठणीत दिसत होता. तिला त्याचा राग आला. आपल्याला कशाचा राग आलाय हे कळलं तेव्हा लाजही वाटली.

"हे कधी झालं?"

"त्याला ताप यायच्या आधी. का नंतर? थांबा... त्यानं स्वेटर घातला होता तेव्हा."

उन्हाच्या दिवसांत नवरा स्वेटर घालून गेला होता आणि तिनं त्यावरून त्याची थट्टा केली होती. म्हणजे ताप आधीपासून होता? की सकाळी नुसती कणकण असेल? आठवू गेलं तर फक्त स्वेटर दिसायचा, वार दिसायचा नाही.

तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं, स्वेटरसकट.

"शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकालाच आजार झाला, असं होतं कधीकधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे हे तेच आहे?"

"असू शकतं, असं म्हणतेय मी. पण आता थांबण्यातही धोका दिसतोय. देऊ का औषध?"

तिनं दिराकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच भोंगा हळू बोलला, "तुम्ही म्हणाल तसं, वहिनी."

"द्या," ती म्हणाली आणि लगेच तिला वाटलं, आपण घाई केली.

संध्याकाळी औषध सुरू झालं. दिराचंही रक्त तपासायला पाठवलं. करडी गाडी मालकानं केव्हाच नेली होती. त्यानं फोनवर सांगितलं, घरात सगळे उत्तम आहेत, फक्त आईच्या अंगात जरा तापाची कसर आहे.

सकाळी ताप एकशे तीनवरून एकशे एकवर आला. लघवीचं प्रमाण मात्र निम्म्यावर गेलं. रक्ताचे अहवाल अजून यायचे आहेत.