न बोललेलं वाक्य

दिग्दर्शिकेने लॅपटॉपवर चित्र थांबवलं आणि पडद्यावरच्या तरुण कडूबाकडे बोट दाखवलं.

"इथं तुम्ही बोलतच नाही. नुसते बघत राहता. कसं केलंत हो हे?"

समोर बसलेल्या, केस पिकलेल्या कडूबाने चहाचा कप खाली ठेवला. जो भेटेल त्याने आजवर हेच विचारलं होतं आणि दर वेळी त्याने "भूमिकेत शिरलो होतो" असं ठोकून दिलं होतं. त्या एका गप्प राहण्यावर त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग काय, जो तो म्हणू लागला, तसंच गप्प राहा. राहिला बिचारा! पण ठरवून धरलेलं मौन पार फुसकं निघालं. पुढे हवालदार झाला, वॉर्डबॉय झाला, कुणाकुणाचा ड्रायव्हर झाला. मधली काही वर्षं तर शहरात, गारखेड्यात मेस चालवली.

"आमच्या सिनेमात मात्र बोलावं लागेल," ती म्हणाली. "मालकाला तोंडावर सुनावायचंय. सकाळपासून तालमीत शब्द येताहेत, माणूस येत नाही. उद्या दौलताबादला शूटिंग. तिथंही जमलं नाही, तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

कडूबाने मान डोलावली. एवढी मोठी भूमिका पुन्हा कुठली मिळायला!

तिथून निघाला तो घरी न जाता थेट बापाच्या जुन्या मालकांकडे, नानासाहेबांकडे गेला. तो जुना सिनेमा गंगापूरकडच्या त्यांच्याच गावात झाला होता, आणि त्या गाजलेल्या प्रसंगाच्या दिवशी नानासाहेब कॅमेऱ्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. कडूबाचा बाप भिकन त्यांची मेंढरं राखायचा. त्यांच्यापुढे भिकनच्या घरातलं कुणी तोंड उघडत नसे. कडूबा वाक्य पाठ करून उभा राहिला, नजर खुर्चीकडे गेली आणि जीभ टाळूला चिकटली. कॅमेरा चालूच राहिला. एवढंच होतं ते.

नानासाहेब आता गारखेड्यात मुलाकडे राहत. पार थकले होते. कडूबा दाराशीच उभा राहिला.

"साहेब, त्या सिनेमात मी गप ऱ्हायलो ते तुमच्यामुळं. तुम्ही समोर बसलेले, तोंडच उघडंना."

म्हातारा मग खुर्चीत पुढे सरकला.

"आन् मी गावभर सांगत फिरलो, भिकनचं पोरगं लई भारी काम करतं म्हणून! पर बोलायचं काय होतं रं?"

"राहू द्या, साहेब."

"नाय नाय, सांग. आता मला चैन पडायची नाय."

कडूबाने मान वर केली.

"मेंढरं तुमची असतील मालक, पर माझा बाप तुमचा नाय!"

आपला आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. आत चाललेला भांड्यांचा खडखडाटही थांबला.

नानासाहेब खुर्चीत मागे टेकले.

"तवा बोलला असतास," ते म्हणाले, "तर भिकनला मी दुसऱ्याच दिवशी हाकलला असता. सिनेमा-बिनेमा मला काय कळत होता?"

"माहीत हाय, साहेब."

"उद्या येऊ का बघायला? लांब बसतो, गुपचूप."

कडूबा आत आला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर खुर्चीवर बसला.

"या की. पर लांब नका बसू. मला दिसाल असे बसा."