घरची काहील

हौसरावाच्या गुळाच्या खोक्यावर हौसरावाचाच फोटो होता. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, दोन्ही हात जोडलेले, आणि खाली ठसठशीत लाल अक्षरांत ‘शुद्ध म्हणजे शुद्धच’. ते खोकं दिसलं की हसीनाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि दिसायचं तर रोज, कारण शाळेच्या स्टाफरूममध्ये खडू ठेवायला तेच वापरत होते.

दौंड तालुक्यातलं भीमेकाठचं गाव. गावाच्या कडेला हौसरावाचं गुऱ्हाळ, आणि शाळा समितीचा अध्यक्षही तोच. हसीना रोज तळेगाव ढमढेऱ्याहून स्कूटीवर यायची, आठवीला विज्ञान शिकवायची. हौसराव समोर आला की फेट्याला हात लावून म्हणायचा, "काय शेख मॅडम, बरं हाय ना?" शेख आडनावाची माणसं का थोडी आहेत? ही त्यातली कोणाची कोण, हे विचारायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती. हसीना हसून "बरं आहे" म्हणायची आणि मनात म्हणायची, थांब मेल्या, तुझीही पाळी येईल.

ती मुजीबची मुलगी होती. मुजीब म्हणजे एके काळचा हौसरावाचा गुळव्या. काहिलीपाशी, म्हणजे चुलवाणावर रस आटवायच्या त्या भल्यामोठ्या कढईपाशी उभं राहून पाक कधी उतरवायचा ते ठरवतो तो गुळव्या. त्याचा शब्द चुकला की गूळ फसला. मुजीबचा गूळ फसल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. हसीना स्वतः आठवीत होती तेव्हा पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं तळेगावच्या भरल्या बाजारात हौसरावाची ढेप फोडली, पाण्यात टाकली आणि खाली बसलेला पांढरा गाळ लोकांना दाखवला. हौसरावानं क्षणभरही वेळ दवडला नाही. शेजारी उभ्या असलेल्या मुजीबची कॉलर धरली आणि ओरडला, "ह्यानं घातलं! माझं मीठ खाऊन माझ्या काहिलीत घाण घातली! ह्याच्या हातचं पुन्हा कुणी खाऊ नका!"

भाजीवाल्या बायका, जीपवाले, ओळखीपाळखीचे, सगळे बघत होते. मुजीब खाली मान घालून निघाला. बोलून काय करणार? त्यानंतर ना शिरूरकडच्या कुठल्या गुऱ्हाळानं त्याला उभं केलं, ना दौंडकडच्या. पुढची सगळी वर्षं त्यानं रांजणगावला एका कंपनीच्या गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्या बसला सलाम ठोकत काढली. गुळाचा खडा पुन्हा तोंडात घातला नाही. हसीना चिडून विषय काढायची तेव्हा एकच म्हणायचा, "जाऊ दे बेटा." ह्या ‘जाऊ दे’चा तिला हौसरावाइतकाच राग यायचा.

तर आठवीच्या पुस्तकात मिश्रणांचा धडा आला.

"पहिला घोट आणि शेवटचा घोट सारखाच लागला, की मिश्रण समांगी," हसीनानं साखरेचं पाणी ढवळत सांगितलं. "सगळीकडं एकसारखं. आणि वाळू पाण्यात टाकली तर? कितीही ढवळा, हात थांबला की ती आपली जागा धरते. ते विषमांगी."

"बाई, चहा?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"गाळलेला की न गाळलेला?"

वर्ग हसला. "आन् मिसळ?"

"मिसळ समांगी झाली तर त्या हॉटेलवाल्याला तुम्ही जिता सोडाल का रे?"

हसण्याचा गलका थांबेपर्यंत ती फळ्याकडं तोंड करून उभी होती, आणि तेव्हाच तिच्या डोक्यात ते आलं. ती वळली. "आणि गूळ पाण्यात टाकला तर?"

"समांगी!" अख्खा वर्ग.

"बघायला पाहिजे," हसीना म्हणाली. "विज्ञानदिनाला सगळ्या गावासमोर बघू. प्रत्येकानं घरातला गूळ आणायचा. घरात खातात तोच. दुकानातून नवा आणायचा नाही."

मग पहिल्या बाकावर बसलेल्या स्वरांजलीपाशी जाऊन तिनं मुद्दाम पुन्हा सांगितलं, "तूसुद्धा. तुमच्या घरात खातात तोच हं." स्वरांजली हौसरावाची नात. बाईंनी आपल्याला वेगळं सांगितलं म्हणून पोरगी फुलली.

ह्यात मेख काय होती, ते गुऱ्हाळाच्या आसपास वाढलेल्या कुणालाही कळेल. गुऱ्हाळाचा मालक हंगामात एक काहील आपल्या घरासाठी वेगळी काढतो. तिला म्हणतातच घरची काहील. बाजाराला पिवळाधमक गूळ लागतो, वजन लागतं, म्हणून बाजारच्या काहिलीत काय काय पडतं ते मालकाला ठाऊक. घरचा गूळ मात्र काळसर, मऊ, दिसायला गबाळा. लहानपणी हसीनानं तो अब्बांच्या तळहातावरून खाल्ला होता.

हौसरावाला कार्यक्रमाचं सांगितलं तेव्हा तो खूशच झाला. "आपला गूळ ठिवा मधी! पोरांना कळू द्या शुद्ध काय असतंय ते!" असं म्हणून त्यानं खोकीच्या खोकी पाठवून दिली. अख्खं गाव त्याचाच गूळ खायचं, तेव्हा खोकी नसती आली तरी चाललं असतं.

विज्ञानदिनाच्या सकाळी हसीना अब्बांना मागं बसवून घेऊन आली. ते यायला तयार नव्हते. "त्या गावात मला कशाला नेतीस?" म्हणाले. "माझा कार्यक्रम आहे, माझ्यासाठी चला," असं म्हटल्यावर इस्त्रीचा सदरा घालून आले आणि मांडवात सगळ्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. हौसरावाची नजर त्यांच्यावरून गेली आणि पुढं सरकली. त्यानं ओळखलंसुद्धा नाही! हसीनानं ते पाहिलं आणि उरलीसुरली दयामाया गिळून टाकली.

टेबलावर पोरांचे काचेचे ग्लास ओळीनं मांडलेले. एकेकानं येऊन आपला गूळ टाकला, ढवळला, जागेवर जाऊन बसला. मग अध्यक्षीय भाषण. हौसराव माईकपाशी उभा राहिला की हलत नसे, हे हसीनाला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर भाषण तिनं तिथं ठेवलं होतं. हौसराव शुद्धतेवर बोलला, मातीवर बोलला, संस्कारांवर बोलला. "भेसळ करणाऱ्याला भर चौकात उभा केला पायजे!" म्हणाला आणि टाळ्यांसाठी थांबला. टाळ्या आल्या नाहीत. लोक त्याच्या पाठीमागं बघत होते. तो बोलत होता तेवढ्या वेळात एकेका ग्लासाच्या तळाशी पांढरा थर बसला होता.

"पोरांनो, समांगी का विषमांगी?" हसीनानं विचारलं.

"विषमांगीऽऽ!"

तिनं एका ग्लासातलं वरचं पाणी ओतून दिलं आणि तळाच्या पांढऱ्या गाळावर लिंबू पिळलं. गाळ फसफसला. "चुनखडीच्या खडूवर लिंबू पिळलं की असंच होतं," ती म्हणाली. "तसला खडू घ्या आणि घरी करून बघा."

शाळेत खिचडी शिजवणारी तुळजाबाई ताडकन उठली. "म्हंजी इतकी वर्सं आमच्या लेकरांच्या पोटात खडू घातला व्हय रं हौसराव?"

मांडवात कालवा सुरू झाला. हौसरावाच्या तोंडचं पाणी पळालं, पण गडी मुरलेला. त्याची नजर भिरभिरली आणि खांबापाशी उभ्या असलेल्या रोहिदासवर थांबली. रोहिदास म्हणजे त्याचा आत्ताचा गुळव्या.

"मला काय ठावं? मी काय काहिलीवर उभा असतोय? ह्यो उभा असतोय! ह्या रोहिदासनं घातलं! ह्याच्या हातचं पुन्हा कुणी..."

"थांबा," हसीना म्हणाली.

ह्याच वाक्याची ती वाट बघत होती. शब्दसुद्धा त्यानं बदलले नव्हते! "अध्यक्ष, एक ग्लास बघायचा राहिलाय."

तिनं ओळीतला शेवटचा ग्लास उचलून सगळ्यांना दिसेल असा वर धरला. पाणी काळसर-तांबडं, वरपासून खालपर्यंत एकसारखं, तळाला काही म्हणजे काही नाही.

"हा कोणाचा?"

"माझा, बाई!" स्वरांजली उड्या मारतच उठली. आपलाच ग्लास चांगला निघाला म्हणून तिला कोण आनंद!

"ह्यात गाळ कसा नाही गं?"

"ह्यो घरचा हाय ना! आमची काहील येगळी असती. तिच्यापाशी आजोबा सोता उभं राहत्यात. घरच्यात पावडर न्हाई टाकू देत. म्हणत्यात, आपल्या पोराबाळांच्या पोटात जातंय."

आणि मग मांडवातले सगळे आजोबांकडं का बघायला लागले, ते पोरीला कळेना. तिनं आजोबांकडं पाहिलं. आजोबांचं तोंड पाहिलं. मग बाईंकडं पाहिलं, आणि तिला कळलं. ती सावकाश खाली बसली. हसीनाला ते बघवलं नाही. खोटं कशाला सांगा, नाही बघवलं. पण ती थांबली नाही.

"गुळव्या तोच, चुलवाण तेच, ऊस तोच," ती म्हणाली. "मग रोहिदासमामांचा हात फक्त बाजारच्याच काहिलीत कसा वळतो? तुमच्या घरच्या काहिलीशी आला की तो शुद्ध होतो का? आणि अध्यक्ष, तुम्ही मला कधी विचारलं नाही, मीच सांगते. मी मुजीबची मुलगी. मागं बसलेत ते माझे अब्बा."

सगळ्या माना मागं वळल्या. हौसरावानं आता कुठं ओळखलं.

"अहो इख हाय का ते?" तो ओरडला. "सगळीच घालत्यात! काय व्हतंय त्यानं? ह्ये बघा!" त्यानं समोरचा एक ग्लास उचलला, वरचं वरचं गोड पाणी घटाघटा प्यायला आणि ग्लास टेबलावर आपटला. "मेलो का मी?"

खुर्च्यांमधून मुजीब पुढं आले. घाई नाही, राग नाही. तो ग्लास त्यांनी उचलला, उजेडात धरला, त्यात थोडं पाणी ओतलं आणि बोटानं तळ खरवडून ढवळला. पाणी पांढरंफटक झालं.

"तळ राहिला, मालक," ते म्हणाले. "ह्यो प्या."

हौसरावानं इकडं तिकडं पाहिलं. बाजू घ्यायला कोणी उठेना. मुख्याध्यापक चपलांकडं बघत होते. हौसराव प्यायला. मिशीला पांढरं लागलं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. "चुकलं, मुजीब," तो पुटपुटला. "तुझा दोष नव्हता. झालं?"

हसीनाचा जीव भांड्यात पडला. आता अब्बा म्हणतील, जाऊ दे. म्हणतील आणि घरी चल म्हणतील, आणि ह्या वेळी तिचीही ना नव्हती.

"हितं न्हाई," अब्बा म्हणाले. "हितल्या लोकांनी कुठं ऐकलं व्हतं? तळेगावच्या बाजारात बोलला व्हतास. तिथं बोल."

जन्मभर ‘मालक, तुम्ही’ म्हणणारे अब्बा हौसरावाला अरेतुरे करत होते. हसीना तोंड उघडं टाकून बघत राहिली. म्हणजे इतकी वर्षं ते विसरले नव्हते तर! तिच्यापेक्षा घट्ट धरून बसले होते, फक्त दाखवत नव्हते.

"त्ये जमायचं न्हाई," हौसराव फेटा सावरत निघाला.

"मग चुलवाण तूच पेटव," खांबापासून रोहिदास म्हणाला. "आज मुजीबमामाच्या जागी मी व्हतो. जवर तू बाजारात जाऊन बोलत न्हाईस, तवर मी काहिलीला हात लावायचा न्हाई. आन् दुसरा कुणी गुळव्या येतोय का, त्ये बी बघतो."

हंगाम भरात होता. गुऱ्हाळाच्या अंगणात तोडून आणलेला ऊस पडून होता, आणि तोडलेला ऊस कुणाची वाट बघत नाही, वाळत जातो. हौसरावानं पार शिरूरपर्यंत माणसं पाठवली. गुळव्या म्हणून एक आला नाही. जो तो म्हणे, आज रोहिदास, उद्या मी. इकडं शाळेत स्वरांजली पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर गेली. हजेरीला ‘हजर’ म्हणायची, तेवढंच. हसीनाला ते टोचायचं, रोज टोचायचं. पण केलं त्याचा पस्तावा काही केल्या होत नव्हता.

बाजाराच्या दिवशी हौसराव आला. भाजीवाल्यांच्या रांगा जिथं संपतात तिथं, त्याच जागी, मुजीब इस्त्रीचा सदरा घालून आधीपासून उभे होते. बायकांनी पिशव्या खाली ठेवल्या. जीपवाले टपावर चढले. रोहिदास आला होता, तुळजाबाई एवढ्या लांबून जीपनं आली होती.

"मुजीबनं काय बी घातलं नव्हतं," हौसराव खाली बघत म्हणाला. "पावडर मी टाकत हुतो."

मुजीबनी हसीनाकडं पाहिलं, मग कानामागं हात धरला. "ऐकू न्हाई आलं."

हौसराव लाल झाला. पुन्हा बोलला, जरा मोठ्यानं. मेथीवाली म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अगं बाई, सोताच कबूल करतोय की."

"न्हाई ऐकू आलं," मुजीब म्हणाले. "आन् त्ये हातचं खाण्याचं राहिलं."

हौसरावानं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला, घसा खाकरला, आणि पार बसस्टँडपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडला, "पावडर मी घालत हुतो! मुजीबच्या हातचं चांगलं हुतं! त्याच्या हातचं खा!"

रांजणगावच्या गेटवर असताना मुजीबना कंपनीची बस वळणावर आली की आवाजावरून कळायची. अजूनही शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की ते आतून ओरडायचे, गॅस बारीक करा. हसीना त्यांच्याकडं बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

अब्बांनी पुन्हा कानामागं हात धरला.