बागेतली चौकशी

कांदेपोह्यांचा कार्यक्रम आता आमच्या बरकतपुऱ्यातही कुणी करत नाही. बाहेरच भेटू, असं मुलीकडून आलं तेव्हा बाग मीच सुचवली. आत हरणं, मोर, ससे, तिकीट नाही, आणि रविवारी पोराबाळांची ही झुंबड. तिथे कोण कुणाला बघायला आलंय, कुणाला कळतंय?

माझा बेत पक्का होता. माझा मुलगा गिरीश आणि त्याचे वडील पाचला येणार, मी देवळातून परस्पर येते सांगून साडेचारलाच बागेत. मुलीचा फोटो आमच्याकडे होता, माझा त्यांच्याकडे नव्हता. तरी पाचला ओळख पटू नये म्हणून मी तोंडाला मास्क लावला. मायलेकी आपसात कशा वागतात ते लांबून बघायचं, एवढंच. गिरीशला चौतिसावं लागलं होतं, तीन ठिकाणांहून नकार आले होते, आणि यावेळी मला नीट पारखून घ्यायचं होतं. पण लांबून बघत गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

हरणांच्या जाळीसमोरच्या बाकावर त्या दोघी आधीच येऊन बसल्या होत्या. सरका जरा, म्हणत मी टेकले. मराठी ऐकून मुलीच्या आईचा, शांताबाईंचा, चेहरा खुलला. या तेलुगू-उर्दू शहरात मराठी माणूस भेटला की माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं, आणि मी नेमका त्याचाच फायदा घेतला. मुलीने, तेजश्रीने, न मागता मला पाण्याची बाटली पुढे केली. दहा मिनिटांत मी सगळं काढून घेतलं. मुलगा बघायला आल्यात, तेजश्री जामबागच्या शाळेत शिकवते, आणि गेल्या वर्षी तिचा साखरपुडा मोडला. का मोडला, तेही विचारायला मी कमी केलं नाही. तिचे वडील दारूपायी गेले हे समोरच्यांना बाहेरून कळलं, शांताबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"मग यांना सांगूच नका," मी म्हटलं. "लग्न झाल्यावर कोण विचारतंय?"

हे मी पारखायला म्हटलं. आपण किती हुशार, असंही मनात येऊन गेलं.

तेजश्री हसली. "नक्को काकू. लपवाछपवी करून कुणाच्या घरात शिरायचं नाही मला. आज मीच सांगणार आहे."

मी उठून फाटकाशी गेले, मास्क काढून पिशवीत कोंबला. पाच वाजता आम्ही तिघं त्याच बाकाकडे आलो. तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं, पण नमस्कार तर म्हणावाच लागला. साडी तीच, आवाज तोच. शांताबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. तेजश्रीने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पहिल्यांदाच भेटत असल्यासारखी वाकून माझ्या पाया पडली.

मग तिने वडिलांचं, साखरपुड्याचं, सगळं गिरीशला सांगितलं. त्यात तुमची काय चूक, एवढंच तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पोर माझी अब्रू झाकत होती, तीही माझ्याच मुलासमोर.

दोघं मोरांकडे चक्कर मारून आले तेव्हा गिरीश हसत होता. त्याला असं हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजश्रीचाच फोन आला.

"काकू, गिरीश मला आवडले. पण तुमच्यासोबत एका घरात राहायची मला भीती वाटते. मी नकार का दिला, ते त्यांना मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

मी हो म्हटलं. माफी मागायची होती, पण फोन ठेवून दिला.

संध्याकाळी गिरीश ऑफिसातून आला. नकार आलाय, एवढंच मी त्याला सांगितलं. तो बूट न काढताच खुर्चीत बसला. त्याचे पुढचे केस गेलेत, तिथून त्याने हात फिरवला.

"केसांमुळेच असेल ना, आई?"

खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "असेल."