चौतीस मुली आणि एक कुलूप

१९७३ साली गोपिका बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला गेली. घर पाचपावलीच्या विणकर वस्तीत, वडील शालिकराम हातमागावर लुगडी विणायचे. कॉलेजात चौतीस मुली, त्यांच्यासाठी एकच संडास, आणि त्यालाही दोन वर्षं कुलूप, कारण आत मोडके बाक भरलेले. मुली कॉलेजात दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसत. एप्रिलच्या परीक्षेत तिची मैत्रीण पुष्पलता भोवळ येऊन पडली. तिचा अर्धा पेपर कोराच गेला.

जुलैत विद्यार्थी नेतृत्व शिबिरासाठी मुलाखती झाल्या. प्राध्यापक मधुसूदन पाठकांनी विचारलं, "पुढारी व्हावंसं का वाटतं? तुमची प्रेरणा काय?"

"मुलींचा संडास उघडायचा आहे, सर."

मुलाखत घेणारे तिघेही हसले. पाठक म्हणाले, "अहो, प्रेरणा उदात्त हवी. राष्ट्र, समाज!"

"चौतीस मुली समाजात येत नाहीत का?"

यादीत तिचं नाव लागलं नाही. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण ते हसले, त्यानं तिच्या अंगाची लाही झाली.

दुसऱ्या दिवशी मुलींना घेऊन ती देवराव शिपायाकडे किल्ली मागायला गेली.

"मले साहेबाची चिठ्ठी लागते, बाई."

"पुष्पलता पडली तेव्हा कोणाची चिठ्ठी होती, काका?"

देवरावानं किल्ली स्टुलावर ठेवली. मुलींनी सगळे बाक उचलले आणि प्राचार्यांच्या दारासमोर रचले. प्राचार्य लालबुंद होऊन बाहेर आले.

"कोणी चिथावलं तुम्हाला?"

"कोणीच नाही, सर. दोन वर्षं दाबून ठेवलं होतं."

तिसऱ्या दिवशी शालिकरामांना प्राचार्यांचं बोलावणं आलं. बसायला कोणी सांगितलं नाही.

"मुलीकडून माफीनामा लिहून घ्या. नाहीतर नाव काढतो."

"लिहून देईल, साहेब. पण लिहाचं काय? संडास उघडला, चुकी झाली, असं?"

प्राचार्यांनी कागद पुढे सरकवला, मग पुन्हा मागे ओढला. "जा तुम्ही," एवढंच म्हणाले. नाव निघालं नाही, संडासाला पुन्हा कुलूपही लागलं नाही.

फाटकाबाहेर गोपिका वाट पाहत होती, तिच्यापाशी शालिकराम थांबले. "दोन वर्षं झाले. मले काहून नाही सांगितलं वं?"

"बापाले असं कसं सांगू, बाबा?"

शालिकराम वळले. मग कॉलेजच्या इमारतीकडे पाहत, रस्त्यावरची माणसं थबकतील इतक्या मोठ्यानं म्हणाले, "शिकलेले लोक!"