मागच्या खोलीतला आवाज

प्रसेनजितनं मोताळ्यातल्या घराची मागची खोली रिकामी करायला घेतली, तेव्हा आता कापूस कुठं ठेवायचा असं त्याच्या बायकोनं, सुवर्णानं, विचारलंसुद्धा नाही. पदर खोचून तीच पुढं झाली. भिंतींवर गोधड्या टांगल्या, खिडकीत जुनी गादी ठोकली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. टेबलावर माइक आणि लॅपटॉप बसले. पंख्याची घरघर माइकात यायची, म्हणून पंखा बंद. दोघं घामानं निथळत होती, पण प्रसेनजितच्या तोंडावरचा आनंद लपत नव्हता.

पुण्यात शिकायला गेला, तेव्हा भर वर्गात तो "मले नाही समजलं" म्हणाला होता आणि सगळी पोरं हसली होती. तेव्हापासून त्यानं आपली जीभ अशी घासूनपुसून घेतली, की पुढं नोकरी सुटून गावी परतला तरी जुनी बोली काही परत आली नाही. आता घरबसल्या जाहिरातींना, माहितीपटांना आवाज द्यायचा, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

आवाज नीट येतो का पाहायला त्यानं सुवर्णाला माइकसमोर बसवलं. "बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. माझ्याशी बोलतेस तसं."

ती जरा लाजली, मग सुरू झाली. "आज बाजारात गंमत झाली. एक बाई वांगे घेऊन राह्यली होती. वांगेवाला म्हणे, बाई, काट्याकडं पाहा, माह्या तोंडाकडं काऊन पाहता? त बाई म्हणे, तुह्या काट्यापरीस तुह्यं तोंडच खरं सांगते!" आणि ती खळखळून हसली. प्रसेनजितही हसला. मग तिला बाहेर काढून त्यानं दार लावलं आणि आपल्या आवाजाचा नमुना भरला. पुण्याच्या एका संस्थेला पाठवायच्या घाईत सुरुवातीचं तिचं बोलणं कापायचं राहून गेलं.

चार दिवसांनी त्या संस्थेतून अनुपमाताईंचा फोन आला. आवाजांची निवड त्याच करायच्या.

"तुमचा आवाज स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या, "पण असे आवाज आमच्याकडे पुष्कळ आहेत. सुरुवातीला बोलतात त्या बाई कोण? गरोदर बायकांसाठी आम्ही वऱ्हाडीत एक मालिका करतोय. असाच आवाज शोधत होतो."

अंगणात सुवर्णा तूर पाखडत होती. हाक मारली असती तर दोन पावलांत आली असती.

"माझी मिसेस आहे," तो म्हणाला. "तिला नाही जमायचं ते. शिकलेली नाही ना फारशी."

सुवर्णा बारावी पास होती.

"कोनाचा फोन होता?" तिनं सूप हलवता हलवता विचारलं.

"असाच. काम नाही म्हणाले."

"मिळन हो. इतला गोड आवाज हाय तुमचा."

त्या रात्री तो जेवला नाही. उद्या फोन करून खरं सांगू, असं त्यानं ठरवलं. पण उद्याचा परवा झाला, आणि मग लाज इतकी साचली की फोन उचलवेना.

पावसाळा सरता सरता आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी गावातल्या बायकांच्या मोबाइलवर ती वऱ्हाडी मालिका पाठवली. शेजारच्या छायाला दिवस गेले होते. ती मोबाइल घेऊन ओट्यावर येऊन बसली आणि दोघी ऐकू लागल्या. सुवर्णा मधेच म्हणाली, "हे बाई कोन गावची हाय वं? 'मले-तुले' म्हणते, पन उसनं आणल्यावानी."

"हाव ना," छाया म्हणाली. "याच्यापरीस तूच बरी सांगतं."

दारात उभ्या प्रसेनजितला ते सोसवलं नाही. छाया गेल्यावर त्यानं सगळं सांगून टाकलं. खाली मान घालून, एकही शब्द न लपवता.

सुवर्णा रडली नाही, ओरडलीही नाही. "मले इचारलं बी नाही तुमी," एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "अन् शिकेल नाही म्हनून सांगतलं?"

त्यानं लगेच अनुपमाताईंना फोन लावला. मालिका पुरी झाली होती, तरी त्या भल्या बाईनं "नमुना पाठवा, पुढं पाहू" म्हटलं. आठवड्यानं प्रसेनजितनं सुवर्णाला पुन्हा माइकसमोर बसवलं. ती आली, त्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून. पण तोंडातून शब्द निघाले ते शाळेतल्या धड्यासारखे, एकेक सुटा, जपून ठेवलेला.

"असं नको," तो काकुळतीला आला. "माझ्याशी बोलतेस तसं बोल."

"तसंच बोलून राह्यली," सुवर्णा म्हणाली.

आणि ते खरंच होतं. त्यानं सगळं सांगितलं त्या दिवसापासून ती त्याच्याशी तशीच बोलत होती. विचारलं तेवढं सांगायचं, ताट वाढायचं, उठून जायचं. प्रसेनजितनं नमुना पाठवला. तिकडून काही उत्तर आलं नाही, आणि त्यानंही पुन्हा विचारलं नाही.