काठ तुमचा, पोट माझं

पाट्या रंगवण्याच्या धंद्यात अक्षराला काठ असतो आणि पोट असतं. काठ म्हणजे अक्षराची कड. ती धारदार आली तरच पाटी लांबून वाचता येते. पोट म्हणजे मधली जागा, ती नुसती रंगाने भरायची. एकतीस वर्षं काठ नवऱ्याने ओढले आणि पोटं मी भरली. यांना सगळे पेंटर म्हणतात. माघारी मीही तेच म्हणते, तोंडावर मात्र अहो.

मला त्यांनी कधी काठ ओढू दिला नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी एकदा हौसेने ओढायला गेले आणि रंग रेषेबाहेर गेला. पेंटरांनी अक्षरामागच्या पिवळ्या रंगात ब्रश बुडवला आणि अक्षराच्या बाहेरून फिरवत माझी चूक तेवढी झाकून टाकली. याला ते बाहेरून कापणं म्हणायचे. "ज्याचा हात चुकतो त्याला बाहेरून कापावं लागतं," एवढंच म्हणाले. ते माझ्या जिव्हारी लागलं. त्यानंतर मी आपली पोटं भरत राहिले.

घरात मात्र दिव्याखाली अंधार. माझ्या स्वयंपाकघरात सहा डबे आहेत, सहाही सारखे. नवे आणले तेव्हाच म्हटलं होतं, यावर मीठ, साखर असं काहीतरी घालून द्या. तर म्हणाले, हे काय पाटीचं काम आहे?

गेल्या उन्हाळ्यात त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, पाय फरफटत का होईना चालू लागला, हात मात्र राहिला. दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा तो मांडीवर घेऊन ते दिवसभर खिडकीशी बसायचे. समोरच्या सगळ्या दुकानांवर आता फ्लेक्स आहेत. त्यातल्या निम्म्या जागांवर एके काळी आमच्या पाट्या होत्या.

व्यायाम शिकवायला दर गुरुवारी एक पोरगी येते. आमच्या मुलीच्या वयाची, मनगटावर हे एवढं घड्याळ, बोलायला गोड पण कामात खाष्ट. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की उजव्या हाताची खात्री देत नाही, डावा तयार करायचा, आणि त्यासाठी पहिले सहा महिने महत्त्वाचे. त्यातले तीन पेंटरांनी खिडकीत बसून काढले होते. मग तिने एक वही आणली. रोज डाव्या हाताने त्यात तीन गोष्टी लिहायच्या. आज आपल्याला काय चांगलं मिळालं ते. हात वळेल आणि मनही रमेल, असं तिचं म्हणणं.

पेंटरांनी वही उघडूनही पाहिली नाही. "माझं अक्षर बघून लोक दुकानात शिरायचे," ते म्हणाले. "आता बालवाडीत बसू का?"

मलाही ती वही म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचलेच वाटले होते. हात गेलेल्या माणसाला विचारायचं, आज काय मिळालं? पण निघताना त्या पोरीने मला जिन्यात थांबवलं. तिच्याकडे वाट बघणाऱ्यांची मोठी यादी होती. जो माणूस प्रयत्नच करत नाही त्याचा गुरुवार दुसऱ्याला द्यावा लागेल, असं तिने स्पष्ट सांगितलं. पुढच्या वेळी ती वही बघणार होती.

ती गेली की सगळं संपलं, हे मला कळत होतं. पेंटर मरेपर्यंत त्या खिडकीत बसले असते आणि मी त्यांच्याकडे बघत बसले असते. म्हणून दुपारी ते झोपल्यावर मी वही घेतली, पेन्सिल डाव्या हातात धरली आणि त्यांच्या वतीने लिहायला बसले.

खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. मला ते जमलं नाही. पहिल्या दिवशी लिहिलं की धापा न टाकता जिना उतरलो, आणि माझं मलाच ते सहन झालं नाही. हाताची चोरी पुरे, मजकूर तरी खरा असावा असं ठरवलं. मग रोज सकाळपासून पेंटरांवर पाळत ठेवायची पाळी आली. यांना आज काय मिळालं? अकरापर्यंत पावलांवर ऊन होतं, लिहिलं. खालच्या सलूनवाल्याने वर येऊन केस कापले आणि जुन्या गप्पा मारल्या, लिहिलं. एके दिवशी समोरच्या मोबाइलवाल्याचा फ्लेक्स वाऱ्याने उभा फाटला. पेंटर झटक्यानंतर पहिल्यांदा हसले. तेही लिहिलं. आधी तीन गोष्टी शोधायला तास लागायचा. नंतर नंतर पाच-सहा सापडायच्या आणि कुठल्या तीन घ्यायच्या ते ठरवावं लागायचं. एकदा मात्र काहीच सापडेना, तेव्हा लिहिलं, "बायकोने चहा दिला. चांगला होता."

असे अडीच महिने गेले. दर गुरुवारी ती पोरगी वही बघून खूश व्हायची. म्हणायची, काकू, रेषा बघा किती सुधारली. सुधारणारच. माझा डावा हात पहिल्यापेक्षा खूपच बरा चालायला लागला होता. पायाचे व्यायाम करून पेंटर तेव्हा आत झोपलेले असायचे म्हणून निभावलं. पण एका गुरुवारी जाता जाता ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी काकांना माझ्यासमोर लिहू दे. पेन्सिल नको, ब्रश. त्यांचा सगळ्यात आवडता ब्रश काढून ठेवा."

आठवडा हातात होता, आणि पेंटरांच्या डाव्या हाताने अजून चमच्याशिवाय काही धरलं नव्हतं. शनिवार, रविवार मी नुसती घरात येरझाऱ्या घालत होते. सोमवारी मला पेटी आठवली.

पेंटरांना त्यांच्या वस्तादांनी धंदा सुरू करताना बारा ब्रश दिले होते. अस्सल केसांचे, बारा मापांचे, आत लोकरीचं अस्तर असलेल्या लाकडी पेटीत. ते त्यांनी कधी वापरले नाहीत. शाळेच्या फाटकावरची कमान आली, मी म्हटलं, आता काढा ते ब्रश. तर म्हणाले, तसं काम अजून आलं नाही. नाटक कंपनीचा वीस फुटी पडदा आला, तेव्हाही तेच. दवाखाना, बेकरी, दूधकेंद्र, सगळं त्यांनी केस झिजलेल्या जुन्या ब्रशांनी केलं. मी म्हणायचे, तुमच्या त्या कामाची पत्रिका तरी छापून आलीय का? पण मनातून मलाही त्या पेटीचा आधार वाटायचा. आपल्याकडे काहीतरी चांगलं बाजूला ठेवलेलं आहे, असा.

कपाटाच्या वरच्या खणातून पेटी काढली. तिच्यावरच मी वही लपवत असे, तीही बरोबर खाली आली. दोन्ही तशीच त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, गुरुवारी त्या मुलीला एक अक्षर काढून दाखवा, या ब्रशांनी. आता आलं समजा तसं काम.

पेंटरांनी डाव्या हाताने कडी काढली.

आत बारा दांड्या होत्या. दांड्यांना चकचकीत पत्र्याच्या टोप्या होत्या. केस नव्हते. लोकर आणि केस खाणारी कसर लागली होती. अस्तराला भोकं पडली होती आणि तळाशी राखाडी भुगा साचला होता. एकदोन टोप्यांमध्ये चार चार केस उभे होते, एवढंच.

"तू नीट ठेवले नाहीस," ते म्हणाले.

माझा तोल गेला. "ठेवलेच तर होते. ठेवले म्हणूनच गेले," मी म्हटलं. खिडकीतला मग उचलून त्यांच्यापुढे आपटला. त्यात त्यांचे रोजचे जुने ब्रश होते, टर्पेंटाइनच्या वासाचे. "यांना लागली का कसर? एकाला तरी?"

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून असेल, त्यांनी वही ओढली आणि उघडली. आयुष्यभर अक्षरं बघितलेला माणूस. एका पानात त्यांना समजलं. पण ते वाचत राहिले. पान उलटायला त्यांना वेळ लागत होता आणि मी तिथे उभी होते.

"बायकोने चहा दिला. चांगला होता," त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे मी कधी म्हणालो?"

"कधीच नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही."

त्यांनी वही मिटली. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. भांडी घासताना मी रडून घेतलं. ब्रशांचं वाईट वाटलंच. पण जास्त वाईट याचं वाटलं की एवढ्या पानांत मी त्यांच्या नावाने जे लिहिलं होतं, त्यातलं ते एक वाक्य मला स्वतःला ऐकायचं होतं, आणि तेच नेमकं त्यांच्या हाती लागलं.

मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या आवाजाने जाग आली. पातेलं, मग गॅस, मग काहीतरी खाली पडलं. मी उठले नाही. गेले असते तर त्यांनी तिथल्या तिथे सगळं सोडून दिलं असतं. मी भिंतीकडे बघत पडून राहिले आणि जीव मुठीत धरून ऐकत राहिले. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास गेला. मग पाय ओढत ते आले, डाव्या हातात कप, निम्मा चहा बशीत.

मी घोट घेतला. मीठ होतं. चिमूटभर नव्हे, चांगलं दोन चमचे.

तोंड वेडंवाकडं होऊ दिलं नाही. ते दारात उभे राहून बघत होते. मी काही बोलले असते तर तो हात पुन्हा वर आला नसता, म्हणून कपातला प्यायले आणि बशीतलाही प्यायले. मग ते जाऊन स्वतःचा कप घेऊन आले, खाटेवर माझ्या शेजारी बसले आणि प्यायले.

"खारट आहे," ते म्हणाले.

"हो."

"सगळा प्यायलीस?"

"हो."

ते माझ्या रिकाम्या कपाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण कुठला धरायचा ते कळेना. "मिठाचा डबा आण," ते शेवटी म्हणाले.

डब्यावर पांढरा पट्टा मी मारला. तो वाळायला दिवस गेला. बुधवारी सकाळी निळ्या रंगावर धरलेली साय कापून काढली आणि पेंटरांनी मगातला सगळ्यात झिजका ब्रश डाव्या हातात घेतला. मी डबा धरून बसले. "मीठ" हा दोनच अक्षरांचा शब्द, पण तासाभराने त्यांचा सदरा घामाने भिजला होता. ठ फुगून शेजारच्या अक्षरात घुसला होता, वेलांटी भलतीकडेच गेली होती, काठ म्हणून कुठे उरला नव्हता. पूर्वी असं अक्षर त्यांनी कुणाच्या दारावर राहू दिलं नसतं.

"फेकून दे," ते म्हणाले.

"असू दे," मी म्हटलं. "मी बाहेरून कापते."

मला वाटलं, आता नाही म्हणतील. नाही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी निळा रंग बोटाला लागेनासा झाला तेव्हा मी पांढरा घेतला. आता डबा त्यांनी धरला, गुडघ्यांत दाबून, डाव्या हाताने. एकतीस वर्षं मी काठाच्या आत राहिले होते, बाहेरून तो कसा दिसतो हे मला माहीतच नव्हतं. पहिली रेघ वाकडी गेली.

"श्वास धरू नकोस," पेंटर म्हणाले. "सोडताना ओढ. आणि ब्रशाकडे बघू नकोस, जिथे जायचंय तिथे बघ."

हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी श्वास सोडला आणि ओढत गेले. फुगलेला ठ आत आला. वेलांटीला वळण मिळालं. जवळून बघितलं तर डब्यावर उंचवटे दिसत होते, दोन ठिकाणी पांढरा निळ्यात मिसळला होता. पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं तर मीठ वाचता येत होतं.

उजवा हात मांडीवर तसाच पडला होता. उरलेले पाच डबे कोरे होते, आणि सहा महिन्यांतले फार थोडे दिवस राहिले होते.

गुरुवारी ती पोरगी आली तेव्हा मी सगळं सांगून मोकळी व्हायचं ठरवलं होतं. रात्रीपासून वाक्य जुळवत होते. पण पेंटरांनी मला बोलूच दिलं नाही. त्यांनीच वही मागवली आणि तिच्या हातात दिली. ती शेवटच्या पानापर्यंत आली आणि थांबली. तिने मागचं पान बघितलं, पुन्हा पुढचं बघितलं.

"मागची पानं कुणाची ते मी विचारत नाही, काकू," ती म्हणाली. "आज ब्रश नसला तरी चालेल. पुढच्या गुरुवारी येते मी." आणि तिने वही माझ्याकडे वळवली.

पानभर अंगठ्याएवढी अक्षरं, उतारावर घसरत गेलेली. सकाळी मी दूध आणायला गेले तेव्हा लिहिलं असणार.

"१. चहा खारट झाला.
२. ती सगळा प्यायली.
३. काठ तिचा."

"पहिली दोन कळली," ती म्हणाली. "तिसरं काय आहे?"

पेंटर खिडकीबाहेर बघत होते. मला सांगता आलं असतं. मी चहा टाकायला आत गेले.